कोरडं पुसायचं नाही

आमच्या रस्त्यावरची झाडं वर्षभर अगदी सभ्यपणे उभी असतात. मग एक महिना असा येतो की त्यांच्या अंगात येतं. जरा वारा सुटला की पिवळी भुकटी सोडतात, आणि ती खिडकीच्या फटीतून, दाराखालून, वाळत घातलेल्या चादरींतून थेट घरात शिरते. पुस्तकात त्याला परागकण म्हणतात. थोडक्यात काय, लग्न झाडांचं आणि शिंका आमच्या. बाकीचे लोक नाक पुसतात, खिडक्या लावून घेतात आणि गप्प बसतात. माझा नवरा मात्र या महिन्यात युद्धावर निघाल्यासारखा वागतो, कारण त्याची गाडी काळी आहे.

तोंडावर मी त्याला अहो म्हणते. इथे म्हणणार नाही, इथे तो ऐकत नाही.

बेअरिंगच्या कारखान्यात तो तपासनीस होता. दिवसभर चकचकीत गोळ्या उजेडात फिरवून बघायच्या आणि ओरखडा असला की बाजूला काढायच्या, हे काम. केसाएवढा ओरखडा त्याला लांबून दिसायचा. अशा माणसाशी संसार करणं म्हणजे काय, ते मला विचारा. चमच्यावर डाग, आरशावर बोट, साडीच्या काठाचा निसटलेला धागा, सगळं आधी त्याला दिसायचं, मग मला ऐकायला मिळायचं. एक गुण मात्र होता. मी पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करते, आणि आठवड्याच्या सगळ्या सुया रविवारी तो ओवून द्यायचा. एका झटक्यात, दोरा न चाटता. मग सुयांच्या गादीत टोचून ठेवायचा आणि कारखान्यातला माल पास केल्यासारखी मान हलवायचा.

कॉलनीत त्याला सगळे पॉलिश म्हणतात. त्यालाही ठाऊक आहे, आणि मनातून आवडतंही.

तर या पॉलिशचे परागांच्या मोसमातले नियम घरातल्या प्रत्येकाला तोंडपाठ आहेत. घरात प्रत्येकजण म्हणजे मी. मोसमाआधी गाडीला मेण लावायचं. भुकटी बसली की फडकं घेऊन धावायचं नाही, कारण ती दिसते मऊ, पण असते काटेरी, आणि कोरडं पुसलं की रंगावर जाळं उमटतं. आधी पाणी, वरून खाली. मग साबणाचा हात, तोही हलका. उन्हात धुवायचं नाही. आच्छादन घालायचं नाही, कारण वाऱ्याने तेच घासत बसतं. आणि शेवटी हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून बोनेटवरून फिरवायची, म्हणजे डोळ्याला न दिसणारा कणही बोटांना लागतो. एवढी देखभाल माझी कुणी केली असती तर मी अजून सोळा वर्षांची दिसले असते.

यंदा त्याने आणखी एक नियम काढला. मोसम संपेपर्यंत गाडी बाहेर काढायचीच नाही.

"उगाच कशाला? चाकं फिरली की भुकटी उडते, उडाली की घासते," तो म्हणाला.

"अहो, मग गाडी घेतली कशाला? अंगणात फुलदाणी ठेवली असती."

यावर पूर्वी तो भांडला असता. यंदा तो भिंतीकडे बघत म्हणाला, "तुला नाही कळायचं." हे एक नवीनच सुरू झालं होतं. निवृत्तीला दोन वर्षं असतानाच, बास झालं म्हणून, नोकरी सोडून तो घरी बसला, आणि तेव्हापासून माझ्याशी बोलताना कधी भिंतीकडे बघायचा, कधी फ्रिजकडे, कधी दाराकडे. मी समोर उभी, आणि हा दाराशी बोलतोय. मला वाटलं, झालं, आता हा माझा चेहराही नापास करून बाजूला काढणार. सुया ओवणंही बंद केलं. "तुला हात नाहीत का?" म्हणाला. ते मनाला लागलं. लग्नाला इतकी वर्षं झाली की माणूस आय लव्ह यू वगैरेची वाट बघत नाही, ओवलेल्या सुयांची बघतो.

आता माझं. दुकानात मी मागच्या खोलीत बसते. तिथे तीन यंत्रं, एक पंखा आणि एक खिडकी आहे, आणि खिडकीसमोर भिंत. जन्मभर लोकांच्या खिडक्यांचे पडदे शिवले, पण त्यातली एकही खिडकी पाहिली नाही. घरोघरी जाऊन मापं घेणारी बाई वेगळी असते. ती दुकानाची व्हॅन घेऊन जाते, कुणाच्या तरी दिवाणखान्यात स्टुलावर चढते, चहा पिते, उजेड कुठून येतो ते बघते आणि परत येऊन आम्हाला कागद देते. ती बाई या महिन्याअखेर गाव सोडून चालली होती. मालकीण म्हणाली, "तुझ्याइतकी पडद्यातली जाण कुणाला नाही. लायसन्स असतं तर जागा तुझीच होती. महिनाअखेरपर्यंत थांबते, पुढे नाही."

मला ती जागा हवी होती. इतकी हवी होती की रात्री उशीवर डोकं ठेवलं की लोकांच्या खिडक्या दिसायच्या.

नवऱ्याला सांगायची सोय नव्हती. लग्नानंतर एकदा त्याने मला गाडी शिकवायचा प्रयत्न केला होता. फाटकापर्यंत गेलो, भांडलो, आणि माझ्यावर माहेरपर्यंत जायची वेळ आली. त्यात यंदा गाडीला हात लावायला बंदी. मग मी नणंदेकडे गेले.

नणंद म्हणजे त्याची धाकटी बहीण. बेकरीची गाडी चालवते. पहाटे पाव पोचवते, दुपारी मोकळी असते आणि भावाला चिडवायची एकही संधी सोडत नाही.

"दादाच्या गाडीवर शिकायचं?" तिचे डोळेच लकाकले. "परागांच्या मोसमात? वहिनी, मी फुकटात शिकवते, वर पाव देते."

नवरा रोज दुपारी काळा चष्मा लावून फिरायला जायचा. भुकटी डोळ्यात जाते म्हणून चष्मा, असं त्याचं म्हणणं. ज्या माणसाला गाडीवर पराग बसलेले खपत नाहीत तो स्वतः परागांत फिरायला का जातो, असा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. तो कोपऱ्यावरून वळला की नणंद फाटकातून आत, आणि आम्ही गाडीत.

शिकणं सोपं होतं. अवघड होतं ते परत येणं. अंगणात उभ्या गाडीवर पिवळा थर, आणि आम्ही कालव्याच्या रस्त्यावरून एक फेरी मारून आलो की तो उडालेला. शिवाय गाडी जिथे उभी असायची तिथे खाली फरशीवर स्वच्छ काळा चौकोन, भोवती सगळं पिवळं. एक वीत इकडेतिकडे झाली की चोरी उघड. पण शिवणाऱ्या बाईला मापाचं भय कसलं? मी शिंप्याच्या खडूने चारही चाकांपाशी बारीक खुणा केल्या. गाडी अगदी शिवणीवर शिवण बसवल्यासारखी जागेवर आणायची. याच नादात मला पार्किंग इतकं सुरेख यायला लागलं की नणंद म्हणाली, "बाकी काही येवो न येवो, वहिनी, उभी मात्र छान करतेस."

आणि थर? शेजारच्या पायऱ्या झाडून भुकटी गोळा करायची, पीठ चाळायच्या चाळणीत घालायची आणि गाडीवर चाळायची. हसा. नणंद स्टुलावर उभी राहून छतावर चाळतेय, मी बोनेटवर, आणि दोघी शिंकतोय, असं रोज दुपारी चाललं होतं. समोरचे निवृत्त मास्तर एकदा कुंपणापाशी थांबून बघत राहिले.

"काय करताय?" त्यांनी विचारलं.

"गाडीची निगा," नणंद म्हणाली. मास्तरांनी मान डोलावली. पॉलिशच्या घरात काहीही होऊ शकतं, हे कॉलनीने केव्हाच मान्य केलेलं आहे.

परीक्षेच्या आदल्या दिवशी घात झाला. फाटकातून आत येताना मी जरा लवकर वळले आणि कडी शेजारच्या सीटच्या दारावरून कर्रर्र करत गेली. दारावर हातभर लांब पांढरी रेघ. मी खाली उतरून नुसती बघत राहिले. नणंदेने घाबरून आपल्या बाहीने ती रेघ पुसायला सुरुवात केली, तीही कोरडी.

"अगं, कोरडं पुसायचं नाही!" मी ओरडले. आणि मग माझंच मला हसू आलं, कारण आवाज माझा असला तरी वाक्य त्याचं होतं. इतक्या वर्षांत वाण नाही पण गुण लागतोच.

आता रेघेभोवती बाहीचं जाळंही उमटलं होतं. कपड्यांवर खुणा करायचा काळा पेन मी रेघेवर फिरवला, तर ती जांभळी दिसायला लागली. वर भुकटी चाळली, पण उभ्या दारावर भुकटी ठरते थोडीच. तेवढ्यात कोपऱ्यावर तो दिसला. नणंद मागच्या बाजूने पळाली. मी स्वयंपाकघरात शिरून पडद्याआड उभी राहिले. माझी पाचावर धारण बसली होती. उद्या परीक्षा, गाडी हीच न्यायची, आणि आता हा बघणार, आकाशपाताळ एक करणार, किल्ली खिशात घालणार, आणि मी परत भिंतीसमोरच्या खिडकीत.

तो गाडीपाशी आला. चष्मा काढला. दाराच्या अगदी समोर उभा राहिला. जांभळी रेघ त्याच्या नाकासमोर होती. तो वाकला, बघितलं, सरळ झाला, आणि घरात येऊन म्हणाला, "चहा टाकतेस?"

मी चहा टाकला. आतून उकळ्या फुटत होत्या. सुंठीवाचून खोकला गेला! तो बाहेरच्या खोलीत गेल्याबरोबर मी नणंदेला फोन लावला.

"अगं, बघितलंच नाही त्याने! नाकासमोर होती रेघ, आणि चहा मागितला!"

तिकडून हसू येईल असं वाटलं होतं. ते आलं नाही.

"वहिनी," ती हळूच म्हणाली, "दादाला दिसली नाही?"

चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. इतके दिवस मी माझ्याच चांदण्यात होते. त्याला काय कळेल, त्याला काय दिसेल, याच घोरात. त्याला काय दिसत नाहीये, हे मी विचारलंच नाही. फरशीवरच्या खडूच्या खुणा पांढऱ्याशुभ्र होत्या, रोज त्याच्या पायाखाली यायच्या. त्याने कधी विचारलं नव्हतं.

मी सुई आणि दोरा घेऊन बाहेरच्या खोलीत गेले. "अहो, एवढी ओवून देता? माझे हात ओले आहेत."

हात कोरडे होते. ते त्याला दिसायला हवं होतं.

त्याने सुई घेतली. दोरा घेतला. खिडकीकडे बघत दोरा पुढे नेला, तो सुईच्या शेजारून गेला. परत नेला. परत शेजारून. मग त्याने दोऱ्याचं टोक चाटलं. इतक्या वर्षांत त्याने दोरा चाटलेला मी पाहिला नव्हता. चौथ्या खेपेला सुई त्याच्या बोटात गेली, आणि तो "हे असलं काम मला सांगू नकोस" म्हणून उठला आणि अंगणात गेला. मला त्याचा राग आला. मग खाली पडलेली सुई मी शोधून उचलली. मग परत राग आला, कारण हा माणूस माझ्यापासून हे लपवत होता, आणि मला राग करणं सोपं जातं.

बाहेर आले तेव्हा तो हातात प्लॅस्टिकची पिशवी घालून गाडीवरून फिरवत होता. आधी छत, मग बोनेट. डोळे मिटलेले. मग दार. पिशवी रेघेवर आली आणि थांबली. तो तिच्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला.

"फाटकाची कडी," तो म्हणाला.

"हो."

"लवकर वळलीस."

"हो." मग माझी जीभ मोकळी सुटली. "उद्या माझी परीक्षा आहे. गाडीची. दुकानात मापांची जागा आहे, ती मला पाहिजे. तुम्ही आता काय ओरडायचं ते ओरडून घ्या, पण मी जाणार."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"तू चालवतेस ते. रोज आलो की बोनेट गरम असतं. आणि भुकटी चाळलेली असते." त्याने पिशवीतलं बोट माझ्यापुढे धरलं. "झाडाची भुकटी अशी एकसारखी बसत नाही. कुठे जाड, कुठे पातळ. ही चाळलेली आहे, हाताला कळते. बारीक चाळणी वापरलीस. पिठाची."

मांजर डोळे मिटून दूध पितं, पण इथे डोळे मिटलेला दुसराच होता, आणि त्यालाच सगळं कळलं होतं. आमच्या त्या स्टुलाची, त्या शिंकांची मला अशी काही लाज वाटली की विचारू नका.

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर शिकवायला बसलो असतो. मग तू कधीच शिकली नसतीस." हे त्याने अगदी कारखान्यातला रिपोर्ट दिल्यासारखं सांगितलं. खोटं नव्हतं.

"आणि तुमचं काय?" मी विचारलं. "कधीपासून दिसत नाही?"

तो गाडीला टेकला. कपड्यांना भुकटी लागली, ती त्याने झटकली नाही.

"दिसतं. बाजूचं सगळं दिसतं. फाटक, झाड, तुझे पाय. मधलं गेलंय. ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच दिसत नाही. तिथे धुरकट ठिपका येतो. कारखान्यात दोन पेट्या पास केल्या, ओरखड्यांसकट. तेव्हा कळलं. बाहेर काय सांगणार, तपासनीस आंधळा झाला? डॉक्टर म्हणाला, गाडी बंद. म्हणून म्हटलं, परागांचा मोसम आहे."

"मोसम संपल्यावर काय सांगणार होतात?"

"पावसाचं काहीतरी काढलं असतं."

"आणि दुपारी फिरायला कुठे जाता?"

"डोळ्यांच्या दवाखान्यात शिकवतात. बाजूने कसं बघायचं ते. एखादी गोष्ट बघायची असेल तर जरा तिच्या बाजूला बघायचं, मग ती कडेने दिसते. सवय करावी लागते."

म्हणजे दुपारभर आम्ही दोघंही एकमेकांची नजर चुकवून क्लासला जात होतो. मला हसायचं होतं. पण एकदम ती भिंत आठवली, तो फ्रिज आठवला.

"म्हणजे तुम्ही माझ्याशी बोलताना दाराकडे..."

"दाराकडे बघितलं की तू दिसतेस," तो म्हणाला, आणि हे म्हणताना तो फाटकाकडे बघत होता.

मी तिथेच रडले, तोंड न झाकता. मास्तर कुंपणापाशी होते, पण मला त्यांची पर्वा नव्हती. मी आधी त्याच्या दंडावर एक चापट मारली, मग तिथेच डोकं टेकलं. बाहीवर भुकटी होती. मी त्याच्या खांद्यावर शिंकले.

"पुसू नकोस," तो म्हणाला. "आधी पाणी."

सकाळी, ऊन चढायच्या आत, आम्ही गाडी धुतली. पाइप त्याच्या हातात होता. वरून खाली. मी बाजूला उभी राहून सांगत होते, "छतावर मागच्या बाजूला राहिलंय. आता आरशाखाली. आता माझ्या पायावर मारताय." दाराची रेघ पाण्याने आणखीनच उठून दिसली. तिचं काय करायचं, असं मी विचारलं, तर म्हणाला राहू दे, हाताला सापडते, दार कुठलं ते कळतं.

परीक्षेला नवरा आला, आणि नणंदही, कारण लायसन्सवालं कुणीतरी सोबत लागतं. परीक्षक काटकुळे गृहस्थ होते आणि सगळा वेळ रुमालात शिंकत होते, त्यामुळे मी चौकात जरा जास्तच वेळ थांबले ते त्यांच्या शिंकेत गेलं. शेवटी म्हणाले, गाडी उभी करून दाखवा. मी दोन पांढऱ्या रेघांच्या मधोमध अशी उभी केली की त्यांनी खाली उतरून चारही चाकं बघितली. कुठे शिकलात, विचारलं. म्हटलं, खडूवर. पास झाले.

येताना नवरा माझ्या शेजारी बसला, नणंद मागे. इतक्या वर्षांत, ती फाटकापर्यंतची शिकवणी सोडली तर, तो त्या सीटवर पहिल्यांदाच बसला होता. बसताना त्याने दारावरून बाहेरून हात फिरवला, रेघ सापडली, मग दार ओढून घेतलं. वाटेत तो एक अक्षर बोलला नाही. गिअर, ब्रेक, वळण, कशावरही नाही. मान ताठ, आणि नजर सरळ समोरच्या काचेवर.

"वहिनी, बघ गं," नणंद मागून खिदळली. तिला अजून सगळं सांगितलं नव्हतं. "दादाचा तुझ्यावर काडीचा भरवसा नाही. निघाल्यापासून रस्त्यावरची नजर हलवली नाहीये त्याने."

मी आरसा बघितला, दिवा दिला आणि कालव्याच्या रस्त्याला वळले. झाडांनी पुन्हा भुकटी सोडली होती, आणि काचेवर हळूहळू पिवळं साचत होतं. तो समोरच बघत होता.

"केस विंचरले नाहीस वाटतं आज," तो म्हणाला.